झाले गेले गंगेला मिळाले?

मराठीत तंटा मिटविण्यासाठी वापरला जाणारा एक वाक्प्रचार आपणा सर्वांच्या तोंडी आहे : 'झाले गेले गंगेला मिळाले'. वाटणीवरून दुरावलेले दोन भाऊ लग्नाच्या मांडवात समोरासमोर आले, की घरातील वडीलधारी मंडळी हेच सांगतात. हा सल्ला शहाणपणाचा समजला जातो आणि पुष्कळदा तो तसा असतोही. परंतु हे वाक्य कोण उच्चारतो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याचे नुकसान झाले त्याने ते म्हटले, तर ते औदार्य ठरते. ज्याने नुकसान केले त्यानेच म्हटले, तर ती केवळ सोय होय. आणि तिऱ्हाईताने म्हटले, तर त्याला स्वतःला हवी असलेली शांतता तो दुसऱ्याच्या खर्चाने विकत घेत नाही ना, हे पाहावे लागते.

या वाक्प्रचाराच्या मुळाशी एक गृहीत आहे. विसरणे आणि क्षमा करणे ही जवळजवळ एकच गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे काय? एखाद्याला झालेला अन्याय विसरायला लावून द्वेषमुक्त करता आले, तर त्याचे आपण काही भले केले असे म्हणावे काय? माणसाच्या बाबतीत हा प्रश्न निखळ स्वरूपात तपासता येत नाही, कारण माणूस सांगून विसरत नाही. तो विसरल्याचे दाखवितो एवढेच. ज्याची स्मृती खरोखरच पुसून टाकता येते असा एखादा जीव कल्पनेने उभा केला, तरच हा प्रश्न स्वच्छ दिसू शकतो. असा जीव एका जपानी चित्रकथेने उभा केला आहे. यंत्रमानवांची चित्रकथा म्हणजे मुलांची करमणूक, असे समजणाऱ्या वाचकांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

'रोबो' हा शब्द मुळात साहित्यानेच जगाला दिला. झेक लेखक कारेल चापेक यांचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कृत्रिम कामगारांसाठी हा शब्द त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचविला. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावी लागणारी मजुरी, आपल्या भाषेत सांगायचे तर 'वेठ'. यंत्रमानव म्हणजे जन्मानेच वेठबिगार. ज्याच्या श्रमावर मालकाची सत्ता, त्याच्या स्मृतीवरही मालकाचीच सत्ता, हे ओघानेच आले. या कल्पनेला जपानमध्ये वेगळे वळण दिले ते तेझुका ओसामु यांनी. १९२८ मध्ये जन्मलेल्या तेझुकांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. १९४५ मधील ओसाकावरचा बॉम्बवर्षाव त्यांनी किशोरवयात प्रत्यक्ष पाहिला होता. पुढे 'बुद्ध' ही विस्तृत चित्रकथाही त्यांनी लिहिली. १९५२ पासून १९६८ पर्यंत 'शोनेन' या मुलांच्या मासिकात चाललेली त्यांची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका इंग्रजीत 'ॲस्ट्रो बॉय' या नावाने प्रसिद्ध आहे. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी शास्त्रज्ञ बापाने बनविलेला, आणि वाढत नाही म्हणून त्यानेच टाकून दिलेला यंत्रबालक ॲटम हा तिचा नायक.

या मालिकेत १९६४-६५ मध्ये आलेल्या एका कथेचे शीर्षक 'पृथ्वीवरील सर्वांत मोठा यंत्रमानव' असे आहे. एक सुलतान प्लूटो नावाचा महाबलाढ्य यंत्रमानव बनवून घेतो आणि जगातील सात श्रेष्ठ यंत्रमानवांचा एकेक करून नाश करण्याची आज्ञा त्याला देतो. सामर्थ्याच्या स्पर्धेतील व्यर्थता दाखविणारी ही कथा जपानी मुलांच्या एका पिढीने जीव लावून वाचली. त्या पिढीतील एक मूल म्हणजे १९६० मध्ये जन्मलेले उरासावा नाओकी. तेझुकांच्या कथेत ॲटमचा जन्मदिवस ७ एप्रिल २००३ हा दिला आहे. तो दिवस प्रत्यक्षात उजाडला त्याच वर्षी उरासावा यांनी तीच कथा प्रौढ वाचकांसाठी नव्याने सांगण्यास आरंभ केला. सहलेखक नागासाकी ताकाशी यांच्यासह रचलेली ही 'प्लूटो' २००३ ते २००९ या काळात पाक्षिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि आठ खंडांत पूर्ण झाली. पुढे २०१५ मध्ये ती तोक्योच्या रंगमंचावर आली. २०१८ मध्ये ते नाटक लंडनलाही गेले. २०२३ मध्ये तिचे आठ दीर्घ भागांचे चलच्चित्र नेटफ्लिक्सवरून जगभर पोहोचले. मासिकातील चित्रे, ग्रंथ, रंगभूमी आणि पडदा असा एकाच कथेचा हा प्रवास आहे.

उरासावा यांनी केलेला मोठा बदल असा, की कथेचे केंद्र त्यांनी ॲटमकडून गेझिश्त या जर्मन यंत्रमानवाकडे नेले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ 'चेहरा' असा होतो. तेझुकांच्या कथेत तो सातांपैकी एक, फारसा लक्षात न राहणारा. येथे तो युरोपीय पोलिसांचा गुप्तहेर आहे. दिसायला पूर्णपणे माणूस. त्याची पत्नी हेलेना हीही यंत्रच. काही वर्षांपूर्वी मध्य आशियात एक युद्ध झालेले आहे. पर्शिया नावाच्या राज्याने संहारक यंत्रमानव दडविले आहेत, असा आरोप करून एका महासत्तेने ते पुकारले. शोधपथकाला तेथे काहीच सापडले नाही. ही कथा सुरू झाली त्या २००३ सालीच अमेरिकेने इराकवर स्वारी केली होती, हे तत्कालीन वाचकाला सांगावे लागले नसेल. त्या युद्धात लढलेल्या श्रेष्ठ यंत्रमानवांना आता कोणीतरी एकेक करून ठार करीत आहे. गेझिश्त त्याचा तपास करतो आणि तपास करता करता स्वतःच्याच एका विचित्र स्वप्नाने त्रस्त होतो.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने कथेतील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला अगदी आरंभीचा. कामावर असताना मारल्या गेलेल्या एका सामान्य पोलीस यंत्राच्या पत्नीला ती वार्ता सांगण्यासाठी गेझिश्त तिच्या घरी जातो. ती जुन्या बनावटीची यंत्रबाई आहे. तिच्या धातूच्या चेहऱ्यावर कोणताही भाव उमटू शकत नाही. हवे असल्यास पतीविषयीची स्मृती पुसून टाकता येईल, असे तो तिला सहानुभूतीने सुचवितो. ती नको म्हणते. दुःख राहिले तरी चालेल, पण आठवण असू द्या, एवढेच तिचे मागणे. ज्या चेहऱ्यावर दुःख दिसतही नाही, तो चेहरा दुःख ठेवून घेण्याचा हक्क मागतो.

दुसरा प्रसंग आपल्याला फार उशिरा कळतो. तीच सूचना करणाऱ्या गेझिश्तची स्वतःची स्मृती मात्र त्याला न विचारता पुसलेली आहे. भंगारवाल्याकडून अवघ्या पाचशे नाण्यांना त्याने एक मोडके यंत्रबालक आणले होते. त्याने आणि हेलेनाने ते पोटच्या मुलाप्रमाणे सांभाळले. यंत्रबालके पळवून त्यांचा नाश करणाऱ्या एका माणसाने त्या मुलालाही मारले. गेझिश्तने त्या माणसाला ठार केले. यंत्रमानवाने मनुष्याला मारू नये हा त्या जगाचा मूलभूत कायदा आहे, आणि यंत्रमानव तसे करूच शकत नाहीत हा त्या जगाचा मूलभूत विश्वास आहे. हा विश्वास ढासळू नये म्हणून वरिष्ठांनी घटना दडपली आणि गेझिश्तच्या मनातून ती खून, मूल आणि वात्सल्य या सगळ्यांसकट काढून टाकली. उरले ते केवळ अर्थ न लागणारे एक स्वप्न.

शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या माणसाला ही कार्यपद्धती अपरिचित वाटत नाही. मराठी राज्यात जिला प्रकरण 'दफ्तरी दाखल करणे' म्हणतात आणि आमच्या मध्य प्रदेशात 'नस्तीबद्ध करणे' म्हणतात, तिचीच ही टोकाची आवृत्ती आहे. नस्ती बंद होते तेव्हा प्रश्न सुटलेला असतोच असे नाही. तो टेबलावरून उचललेला असतो. प्रशासनाला ते कधी कधी आवश्यकही असते, कारण अनंत काळ उघडी राहणारी प्रकरणे कोणालाच न्याय देत नाहीत. परंतु प्रकरण बंद करण्याचा अधिकार आणि क्षमा करण्याचा अधिकार हे दोन निरनिराळे अधिकार आहेत. पहिला कार्यालयाचा असतो, दुसरा केवळ पीडिताचा.

आपल्या फौजदारी कायद्याने हा भेद फार बारकाईने जपलेला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये, कोणता गुन्हा आपसांत मिटविता येतो याचे तक्ते आहेत. त्या तक्त्यांत तो कोणी मिटवायचा यासाठी स्वतंत्र रकाना आहे. दुखापत झाली असेल तर जिला दुखापत झाली ती व्यक्ती. अब्रुनुकसानी असेल तर जिची अब्रू गेली ती व्यक्ती. काही गुन्ह्यांना न्यायालयाची परवानगीही लागते. पण पीडिताला बाजूला सारून दुसऱ्याच कोणी तडजोड करावी, अशी तेथे सोय नाही. खुनासारखा गुन्हा तर त्या तक्त्यांत नाहीच, कारण जो क्षमा करू शकला असता तोच उरलेला नाही. गेझिश्तच्या वरिष्ठांनी हा रकानाच खोडला. त्यांनी जे पुसले त्याचा लाभ गेझिश्तला झाला नाही, मृत बालकालाही झाला नाही. तो व्यवस्थेच्या प्रतिष्ठेला झाला. म्हणून विसरण्याचा आग्रह कोठूनही आला, तरी पहिला प्रश्न असा विचारावा : हे विसरले गेल्याने कोणाची सोय होणार आहे?

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्मृती जपण्याचे गोडवे गाणे सोपे आहे. पण जगातील बहुतेक वैरे स्मृतीवरच पोसलेली नाहीत काय? पणजोबांच्या बांधाचे भांडण पणतू कोर्टात लढतो तो आठवणीमुळेच. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाने तर विसरण्याला मनाची निरोगी शक्ती म्हटले आहे. जो काहीच विसरू शकत नाही त्याला काही नवे सुरू करता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सबंध समाजांनीही हा मार्ग अवलंबिला आहे. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ या काळात यादवी युद्ध झाले आणि नंतर १९७५ पर्यंत फ्रँकोची हुकूमशाही चालली. लोकशाही येताच १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये तेथील संसदेने सर्वक्षमेचा कायदा केला. मागचे उकरून काढायचे नाही, असा जणू अलिखित करारच सर्वांनी केला. देश पुन्हा यादवीत पडला नाही, हे त्या कराराचे यश मान्य केले पाहिजे. परंतु २००० नंतर तेथे रस्त्याकडेच्या अनाम सामूहिक कबरी उघडण्याची चळवळ उभी राहिली, आणि २००७ मध्ये 'ऐतिहासिक स्मृती'चा कायदाच करावा लागला. या मागणीत नातवंडांची पिढी पुढे होती. ज्यांनी विसरण्याचा करार केला, त्यांच्या वारसांना तो बंधनकारक वाटला नाही. आजोबा कोठे पुरले आहेत एवढे तरी कळू द्या, असे ते म्हणत होते.

दक्षिण आफ्रिकेने नेमका उलटा प्रयोग केला. १९९५ च्या कायद्याने तेथे सत्य आणि सलोखा आयोग स्थापन झाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. राजकीय हेतूने केलेल्या अत्याचाराला माफी मिळू शकत होती, पण अर्जदाराने केलेले कृत्य संपूर्णपणे उघड करावे, ही अट होती. पश्चात्तापाची अटही नव्हती. अट होती ती सांगण्याची. हा प्रयोग निर्दोष नव्हता. भरपाई रखडली, आणि माफी न मिळालेल्यांपैकी फारच थोड्यांवर खटले चालले, ही पीडितांची तक्रार रास्तच आहे. तरीही त्यामागील तत्त्व मोलाचे होते : जे सांगितले गेले आहे तेच सोडून देता येते. जे सांगितलेच गेले नाही ते सुटत नाही. ते नुसते दिसेनासे होते.

तर मग पणजोबांच्या बांधाचे काय? आक्षेपाचे उत्तर मला त्या चित्रकथेच्या शेवटच्या खंडांत सापडते. गेझिश्तला आपली स्मृती परत मिळते. ती परत मिळते म्हणजे मूल गेल्याचे दुःख परत मिळते, तसेच आपण एका माणसाला मारले आहे हे ज्ञानही परत मिळते. मधल्या काळात ज्याच्या रक्षणाचे काम त्याच्याकडे आलेले असते, तो त्याने मारलेल्या माणसाचाच भाऊ असतो आणि सूडाने पेटलेला असतो. एका बाजूने पाहिले तर गेझिश्त पीडित आहे, दुसऱ्या बाजूने अपराधी. या दोन्ही गोष्टी एकाच मनात एकाच वेळी जाग्या झाल्यानंतर, प्लूटो समोर असताना आणि त्याला संपविण्याची संधी असताना, गेझिश्त हात आवरतो. त्यानंतर लवकरच एका लहान यंत्रबालकाच्या हातून तो मारला जातो. द्वेषातून काहीही निपजत नाही हा त्याचा शेवटचा अनुभव त्याच्या स्मृतीबरोबर निश्चेष्ट पडलेल्या ॲटमच्या मनात बसविला जातो. ॲटम जागा होतो तो आधी भयंकर द्वेष घेऊन. प्लूटोशी अखेरची झुंज होते, त्याला संपविण्याचा क्षण येतो, आणि तेव्हा गेझिश्तची ती आठवण त्याचा हात धरते. वाळवंटात फुले उगवावी म्हणून झटणारा सहाद नावाचा एक कोमल जीव प्लूटोच्या आत कोंडलेला असतो. तोच शेवटी स्वतःचा बळी देऊन मोठा अनर्थ टाळतो.

यावरून मला असे वाटते, की द्वेष हा अतिस्मृतीचा विकार नसून अर्ध्या स्मृतीचा विकार आहे. माझ्यावर काय झाले एवढेच तो लक्षात ठेवतो. माझ्याकडून काय झाले ते तो सोयीस्करपणे गाळतो. बांधाचा दावा लढणाऱ्या पणतूला पणजोबांची गेलेली वीतभर जमीन आठवते. त्याच पणजोबांनी शेजाऱ्याचे पाणी अडविले होते ते त्याला कोणी सांगितलेले नसते. अशा अर्धवट स्मृतीवर विसराचा उतारा देणे म्हणजे उरलेला अर्धा भागही पुसून टाकणे. त्याऐवजी पुसला गेलेला अर्धा भाग परत मिळविणे हाच खरा उतारा होय.

हे तत्त्व आपल्या परंपरेला नवे नाही. अश्वत्थाम्याने रात्री झोपेत द्रौपदीचे पाच पुत्र मारले, ही कथा आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. महाभारताच्या सौप्तिक पर्वातील द्रौपदी प्राणांतिक उपोषणाला बसून त्याच्या शासनाची मागणी करते, आणि त्याच्या मस्तकावरचा मणी आल्यावरच शांत होते. भागवताच्या पहिल्या स्कंधातील द्रौपदी मात्र, अर्जुनाने त्याला बांधून समोर आणले असता, सोडून द्या म्हणते. मी जशी रडते आहे तशी याची आई रडू नये, हे तिचे कारण. तिची मुले जाऊन पुरता एक दिवसही लोटलेला नाही. ती काहीएक विसरलेली नाही. उलट स्वतःच्या दुःखाची आठवण इतकी ताजी आहे, की त्याच आठवणीने तिला कृपीचे दुःख दिसते. तिच्या स्मृतीत दुसऱ्या आईला जागा झाली, हीच तिची क्षमा. आणि अश्वत्थामा? कपाळीची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या लोकमानसात आजही भटकतो आहे. क्षमा मिळाली, तरी घडलेले पुसले गेलेले नाही.

हीच गोष्ट दोन ग्रंथांनी वेगळी सांगितली म्हणून दोहोंपैकी एक खोटी ठरत नाही. श्रीधरस्वामींच्या 'पांडवप्रतापा'पासून कोकण-गोव्याच्या दशावतारापर्यंत, आणि १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर चाललेल्या मालिकेपर्यंत, महाभारत आपण पुन्हापुन्हा सांगत आलो आहोत, ते प्रत्येक वेळी मागच्या वेळी न दिसलेले काही दिसावे म्हणून. उरासावा यांनीही तेझुकांच्या कथेचे तेच केले. लहानपणी वाचलेल्या कथेत बलाढ्यांची झुंज ठसठशीत होती. मारल्या गेलेल्यांच्या घरी मागे कोण उरले, हे तेथे फारसे आले नव्हते. पुनर्कथनाने ती गाळलेली घरे भरून काढली. एखाद्या समाजाच्या कथा माध्यमे बदलत पुढे जातात तेव्हा त्या समाजाची स्मृती अशी थोडी थोडी पूर्ण होत असते.

वडीलधाऱ्यांनी भांडण मिटवू नये, असा या विवेचनाचा अर्थ कोणी काढू नये. मांडवात समोरासमोर आलेल्या भावांना एकत्र आणलेच पाहिजे. फक्त, 'झाले गेले गंगेला मिळाले' हे वाक्य संभाषणाच्या आरंभी येते की शेवटी, हे पाहिले पाहिजे. आरंभी आले तर ते बोलणे बंद करण्यासाठी असते, आणि ज्याचे अधिक गेले आहे त्याच्याच तोंडावर हात ठेवला जातो. धाकट्याने आपले म्हणणे पुरते सांगितले, थोरल्याने ते मधे न बोलता ऐकले, मग थोरल्याच्या बाजूचेही धाकट्याने ऐकून घेतले, आणि त्यानंतर ज्याचे नुकसान झाले त्यानेच आपण होऊन ते वाक्य म्हटले, तर त्याच शब्दांना वेगळे मोल येते. आपल्याकडे अस्थी गंगेत सोडतात त्या गेलेल्या माणसाचे नाव-गोत्र उच्चारून. जुन्या अन्यायाचे विसर्जनही त्याच्या नावानिशी व्हावयास हवे.